रंगाखालचं नाव

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावचा आठवडी बाजार ऐन भरात होता. मोनू टेंभरे आपल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कुणाच्या तरी फोनची काच बसवत होता, तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. नंबर परदेशातला होता. बहिणीचा असेल म्हणून त्याने हातातलं काम टाकून फोन उचलला.

"प्रेरणा टेंभरे आपकी बहन है?" पलीकडचा माणूस अगदी सभ्य आवाजात विचारत होता.

"हां. आप कौन?"

"जहाज की कंपनी की तरफ से बोल रहा हूं. बहन ठीक है. एक कागज पर दस्तखत करना है, वो कर नहीं रही. घरवाले समझाएंगे तो मान जाएगी. समंदर में अकेली लड़की है भाई, आप समझ रहे हैं ना?"

मोनूने काही विचारायच्या आत फोन बंद झाला. बाहेर भाजीवाले ओरडत होते, एसटीचा हॉर्न वाजत होता. गिऱ्हाईक म्हणालं, "का झालं भाऊ?" मोनूने दुकानाचं शटर ओढलं आणि मोटारसायकल काढली.

टेंभऱ्यांचं घर गोरेगावपासून जवळच्याच एका खेड्यात आहे. वडील उदाराम, आई सुमित्राबाई, धानाची शेती. गावाला लागून जुना मोठा तलाव. त्याचं पाणी तीन गावांच्या धानाला जातं आणि त्यातली मासोळी तीन गावांचे ढिवर धरतात. प्रेरणा लहान असताना एका गावाच्या माणसांनी अंडी घालायच्या दिवसांत बारीक जाळं टाकलं, आणि पुढची दोन वर्षं तलावात धरायला काही उरलं नाही. मग तिन्ही गावं पारावर बसली, भांडली आणि शेवटी बंदीचे महिने ठरवले. पोरगी उदारामच्या मांडीवर बसून ते सगळं ऐकत होती. मासे पाण्यात असतात तोवर कुणाचेच नसतात, म्हणून त्यांची काळजी सगळ्यांना मिळून करावी लागते, हे तिला कॉलेजात जायच्या पुष्कळ आधी कळलं होतं.

पुढे ती नागपूरला मत्स्यविज्ञान शिकली. गावातली माणसं हसायची, "मासोळी धराले कॉलेज कायले पाहिजे?" शिकून झाल्यावर तिला जे काम मिळालं, ते सुमित्राबाईला समजावून सांगताना तिने तलावाचंच उदाहरण दिलं होतं.

"माय, समुद्रातला ट्यूना मासा एका देशात जन्मते, दुसऱ्या देशाच्या पान्यातून जाते आन तिसऱ्याच्या पान्यात मोठा होते. एकट्या देशानं बंदी घालून का होते? म्हनून लय देश एकत्र आले. कोनतं जहाज मासोळी धरू शकते, किती धरू शकते, कुठं नाही धराची, हे ते मिळून ठरवतात."

"आन तू का करशील?"

"मी पाहीन. जहाजावर राहून पाहाचं आन जसं दिसलं तसं सांगाचं. माह्या हातात बंदूक नाही, कोनाले थांबवाचा हुकूम नाही. फक्त पाहाचं."

सुमित्राबाई म्हणाली होती, "पाहनाऱ्याचाच जास्त राग येते लोकाहिले."

निरीक्षक म्हणून प्रेरणाच्या आधीच्या फेऱ्या सुरळीत गेल्या. यावेळी ती ज्या जहाजावर होती ते मासे धरणारं नव्हतं. ते मोठं शीतगृहाचं जहाज होतं. भर समुद्रात मासेमारी करणारी लहान जहाजं त्याला येऊन लागायची, गोठवलेला ट्यूना त्याच्या पोटात उतरवायची आणि परत मासे धरायला जायची. असा माल बदलताना गडबड फार होते. कुणी धरलं, कुठे धरलं, सगळं एकत्र मिसळून जातं. म्हणूनच देशांनी ठरवलं होतं की अशा प्रत्येक बदलीच्या वेळी एक निरीक्षक हजर पाहिजे, आणि माल देणारं जहाज परवानगी असलेलंच आहे याची त्याने खात्री केली पाहिजे.

त्या दिवशी जे जहाज लागलं त्याच्या अंगावर 'लकी ऑर्किड' असं नाव होतं. नाव परवानगीच्या यादीत होतं. समुद्र उसळत होता, प्रेरणाला सकाळपासून दोनदा उलटी झाली होती. तरी नियमाप्रमाणे ती क्रेनच्या पिंजऱ्यात बसून त्या जहाजावर उतरली. सुकाणूघराच्या भिंतीजवळून जाताना जहाज एकदम कलंडलं आणि तोल सावरायला तिने भिंतीला हात टेकला.

हाताखाली उंचवटा लागला.

जहाजांची नावं नुसती रंगवत नाहीत. आधी लोखंडावर वेल्डिंगने अक्षरं उठवतात, मग त्यावर रंग देतात, म्हणजे खाऱ्या हवेने रंग गेला तरी नाव राहतं. प्रेरणाच्या बोटांना लागलेलं अक्षर 'लकी ऑर्किड'मधलं नव्हतं. तिने मान तिरपी करून पाहिलं. पांढऱ्या रंगाचे जाड थर होते, पण तिरप्या उन्हात अक्षरांच्या कडा दिसत होत्या. 'ब्लू टेरेसा'.

ते नाव तिला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. बंदी असलेल्या पाण्यात चोरून मासे धरल्याबद्दल देशांनी मिळून हाकललेलं जहाज. त्याला कुणी बंदरात घ्यायचं नाही, डिझेल द्यायचं नाही, त्याचा मासा विकत घ्यायचा नाही, असं ठरलं होतं. तेच जहाज नवं नाव आणि नवा झेंडा लावून तिच्या समोर उभं होतं. तिने कॅमेऱ्याने फोटो घेतले. मागे उभा असलेला खलाशी तिच्याकडे बघत राहिला.

परत आपल्या जहाजावर येऊन तिने कप्तानाला सांगितलं. कप्तानाने खांदे उडवले. "जुनं जहाज विकलं गेलं असेल. नवा मालक, नवं नाव. तू नाव तपासलंस ना? यादीत आहे ना? मग सही कर."

"मी जे पाहिलं ते कळवणार," ती म्हणाली.

मासे उतरवणं थांबलं नाही. ते थांबवायचा तिला अधिकारही नव्हता. तिच्याजवळ उपग्रहावरून छोटे संदेश पाठवायचं हातात मावणारं यंत्र होतं. जहाजावरच्या प्रत्येक निरीक्षकाला ते देतात. तिने आपल्या कार्यालयाला संदेश टाकला, पण तोवर आकाश झाकोळून आलं होतं आणि संदेश गेल्याची खूण काही येईना. त्याच दुपारी चीफ ऑफिसर तिच्या खोलीच्या दारात आला. कप्तानाच्या खालोखालचा हा माणूस भारतीय होता, तिच्याशी हिंदीत बोलायचा, पहिल्या दिवसापासून 'बेटा' म्हणायचा.

"बेटा, तुम्हारी मशीन से हमारे यंत्रों को तकलीफ हो रही है. ब्रिज पर जमा करा दो."

"नियम में ऐसा नहीं है, सर."

"नियम किनारे पर होते हैं," तो म्हणाला. त्याने टेबलावरचं यंत्र उचललं आणि खिशात घातलं. आवाज अजिबात चढवला नाही. तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

कॅमेरा मात्र त्याला सापडला नाही. तो तिने जॅकेटच्या आत, अंगाला चिकटवून ठेवला होता. त्यानंतर ती अंघोळीलासुद्धा तो सोबत नेत होती. खोलीच्या दाराला कडी होती, पण दुसऱ्या दिवशी ती जेवून आली तेव्हा कडीचे स्क्रू काढलेले होते. ती मग एकटी डेकच्या कठड्याकडे गेली नाही. स्वयंपाकघराच्या आसपास, जिथे चार माणसं असतील तिथे बसायची. कुणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. फक्त जेवणाच्या टेबलावर तिच्याशेजारची खुर्ची रिकामी राहू लागली, आणि चीफ रोज तोच कागद घेऊन यायचा. 'जहाजाची ओळख तपासली, सर्व नियमानुसार.' खाली तिच्या सहीची जागा.

"साइन कर दो. सबको घर जाना है."

आणि यंत्रात सापडलेल्या नंबरावरून इकडे गोरेगावला मोनूचा फोन वाजला होता.

मोनू घरी पोचला तेव्हा सुमित्राबाई अंगणात तांदूळ निवडत होती आणि उदाराम नुकताच धानाच्या बांधीवरून आला होता. हलका धान कापणीला आला होता. मोनूने झालेलं सांगितलं. सुमित्राबाईचा हात सुपातच थांबला.

"तिचा मेसेज आलता ना रे सकाळी?" उदारामने विचारलं.

मोनूने फोन काढला. बहिणीच्या यंत्रावरून रोज एक ओळ त्याच्या मोबाइलवर यायची. इंग्रजी अक्षरांत, पण घरच्या बोलीत. 'जेवली. बरी आहो. माय ले सांगजो.' कधी 'समुद्र लय उसळून राहिला.' गेल्या तीन दिवसांचे संदेश मात्र त्याने घाईत नीट वाचलेच नव्हते. आता वाचले. तिन्ही दिवशी अक्षरशः तेच शब्द: 'आय ॲम फाइन. डू नॉट वरी.'

त्याने बापाला अर्थ सांगितला. उदाराम म्हणाला, "हे आपल्या पोरीचं नोहे. हे कोनी दुसराच लिहून राहिला."

निघायच्या आधी प्रेरणाने घरी एक नंबर देऊन ठेवला होता: तिच्या कार्यालयातल्या मॅडमचा, एका बेटावरच्या देशातला. अडचण आली तरच लावायचा. मोनूने तो लावला. मॅडम इंग्रजीत बोलल्या, मोनू मोडक्या इंग्रजीत.

"पण तिचे संदेश आम्हाला रोज येत आहेत," मॅडम म्हणाल्या. "आज सकाळीही 'सर्व ठीक' आला."

"मॅडम, दॅट इज नॉट माय सिस्टर." "शी नेव्हर राइट लाइक दॅट. नेव्हर. अँड वन मॅन कॉल मी. ही से, साइन."

मॅडमचा आवाज बदलला. तो माणूस नेमकं काय म्हणाला, शब्दन् शब्द सांगा, म्हणाल्या. सगळं ऐकून घेतलं. "तो परत फोन करेल. तिचा आवाज ऐकवा म्हणा. आणि आम्हाला कळलंय हे त्याला कळू देऊ नका."

घरात कुणी जेवलं नाही. शेजारची निर्मलाबाई कापणीला कधी यायचं ते विचारायला आली, तर सुमित्राबाई म्हणाली, "उद्या सांगतो." एवढंच. गावात कुणाला काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. सांगून तरी काय सांगणार? गोंदियाच्या पोलिसांच्या हाती हिंदी महासागर थोडाच होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. यावेळी उदारामने तो मोनूच्या हातातून घेतला.

"पहले मेरी लड़की की आवाज सुनाओ. फिर बात."

"सुनाएंगे. पर आप उसको बोलोगे कि साइन कर दे. समझदार आदमी लगते हो आप."

थोडी खरखर झाली, आणि मग प्रेरणाचा आवाज आला. लांबून आल्यासारखा, मधेच तुटणारा. "बाबूजी?"

रात्रभर उदारामने काय काय बोलायचं ठरवलं होतं, ते सगळं गेलं. तो म्हणाला, "बाई, करून टाक सही. कागदच हाय. जिवापरीस मोठं काही नाही. तू घरी ये."

प्रेरणाच्या बाजूला चीफ उभा होता, फोनचा स्पीकर चालू होता. बापाने 'सही' म्हटलेलं त्याला कळलं आणि त्याने मान डोलावली. प्रेरणा मग घरच्या बोलीत, शब्द गिळत, भरभर बोलली. शेतावर भांडताना बोलायची तशी.

"बाबूजी, तो काम झाला का मंग माही गरज कोनाले? जवरी होत नाई तवरीच मले सांभाळून राहिले ना हे."

उदारामला ते एका क्षणात समजलं. सही नाही, तोवर पोरगी त्यांना जिवंत हवी आहे. सही झाली की ती फक्त एक बघणारी, नको असलेली साक्षीदार उरते. त्याने डोळे मिटले.

"मंग नोको," तो म्हणाला. आणि तसंच भरभर, "मोनूनं थोरल्या बाईले सारं सांगतलं. तिले ठावं हाय. तू फक्त रेट." थोरली बाई म्हणजे कार्यालयातल्या मॅडम, हे प्रेरणाला बरोबर कळलं.

फोन तुटला. नाही, तिकडून तोडला गेला. सुमित्राबाई नवऱ्याकडे बघत होती. "का म्हनली?"

"घाबरली नाही," उदाराम म्हणाला. मग भिंतीला टेकून तो खाली बसला.

जहाजावर चीफने विचारलं, "क्या बोला बाप ने?"

"बोले, सोच के बताता हूं. एक दिन दो." प्रेरणाने डोळ्याला डोळा देऊन खोटं सांगितलं. मग ती स्वयंपाकघराकडे निघून गेली.

त्या एका दिवसात बरंच घडलं, हे तिला नंतर कळलं. समुद्रात प्रत्येक जहाज कुठल्या ना कुठल्या देशाचा झेंडा लावतं आणि त्या देशाचा हुकूम त्याला मानावा लागतो. मॅडमनी शीतगृहाच्या जहाजाच्या झेंड्याच्या देशाला कळवलं. त्या देशाने कप्तानाला निरोप धाडला: निरीक्षकाशी आमचं थेट बोलणं करून द्या आणि तडक जवळच्या बंदराकडे निघा. कप्तानाने उत्तर दिलं, मुलगी आजारी आहे, झोपली आहे. त्यानंतर जहाजाचा ठिकाणा दाखवणारा संकेत बंद पडला. कप्तान म्हणणार होता की यंत्र बिघडलं. पण शेजारच्या दोन बेटांच्या देशांचा आपसात करार होता. एकाकडे गस्तीचं विमान होतं, दुसऱ्याकडे रडारची माहिती. दोघांनी मिळून शोध सुरू केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेरणा स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती. आवाज आधी इंजिनाचा वाटला. मग खलाशी वर बघू लागले. विमान इतकं खाली आलं की त्याच्या पोटावरचे रंग दिसले. एकदा गेलं, वळून परत आलं, आणि जहाजाभोवती घिरट्या घालत राहिलं. ब्रिजवर, जहाज चालवायच्या खोलीत, रेडिओ बोलत होता. शब्द कळत नव्हते, पण कप्तानाचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. थोड्या वेळाने जहाजाने दिशा बदलली. सूर्य डाव्या अंगाला होता, तो मागे गेला. मग ती उठली, कठड्याजवळ गेली आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा मोकळ्या हवेत उभी राहिली. संध्याकाळी चीफने तिचं यंत्र तिच्या हातात आणून दिलं. तिच्याकडे न बघता तो वळला.

तिने पहिला संदेश घरी टाकला. 'जेवली नाई अजून. जेवतो. माय ले सांगजो.'

मोनूने तो मोठ्याने वाचला, आणि सुमित्राबाई तेव्हा कुठे रडली.

बंदरात तपासणी अधिकाऱ्यांचं पथक वाट बघत होतं. बंदराच्या देशाने समुद्री करारानुसार मासा उतरवू दिला नाही. शीतगृहाच्या दारांना सील लावलं. प्रेरणाने फोटो दिले, जबाब दिला, आणि मग एका साध्या खोलीत ती जवळजवळ दिवसभर झोपली.

'लकी ऑर्किड' मात्र निसटलं होतं. एका देशाच्या बंदरात गेलं तर तिथे निरोप आधीच पोचलेला होता, परत फिरवलं. दुसऱ्याने डिझेल नाकारलं. शेवटी इंधन संपत आल्यावर ते तिसऱ्या देशाच्या किनाऱ्याला लागलं आणि तिथे अडकवलं गेलं. जहाज सापडलं, पण मालक सापडला नाही. एका कंपनीच्या मागे दुसरी कंपनी, तिच्या मागे नुसती एक टपालपेटी. आजही तो कोण आहे हे कुणाला ठाऊक नाही.

काही महिन्यांनी चौकशी झाली. प्रेरणाची साक्ष व्हिडिओवर घ्यायची होती. गावात रेंज धड नव्हती, म्हणून मोनूच्या दुकानात, शटर अर्धं खाली ओढून ती बसली. बाहेर लग्नाच्या वरातीचा डीजे चालला होता. मोनू जाऊन हात जोडून आला तेव्हा तो जरा पुढे सरकला. जहाज कंपनीच्या वकिलाने विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला उलट्या होत होत्या, खरं ना?"

"हो."

"चक्कर येत होती?"

"हो. उभं राहणंही जमत नव्हतं."

"मग तुम्ही नीट पाहू शकलात यावर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?"

"चक्कर आली म्हणूनच मी भिंतीला हात टेकला," प्रेरणा म्हणाली. "नाहीतर मला ते नाव सापडलंच नसतं."

वकिलाने कागद उलटला आणि पुढचा प्रश्न विचारला.

निकाल सगळा मनासारखा लागला नाही. शीतगृहाच्या जहाजाची परवानगी काढली, पण कायमची नव्हे. कप्तानाला दंड झाला. चीफचं काय झालं ते तिला कुणी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. देशांच्या वार्षिक बैठकीत 'लकी ऑर्किड' काळ्या यादीत टाकायला एका देशाने हरकत घेतली, दिवसभर वाद झाला, शेवटी नाव टाकलं गेलं. आणि निरीक्षकांसाठी एक नवी पद्धत आली: जाण्याआधी प्रत्येकाने घरच्यांशी आपली बोलायची एक खूण ठरवायची, जी जहाजावर कुणाला माहीत नसेल.

गावी परतल्यावर प्रेरणा बरेच दिवस फारशी बोलत नसे. एका ठिकाणची लग्नाची बोलणी मोडली. मुलाच्या घरचे म्हणाले, असल्या भानगडीतली पोरगी नको. उदारामला वाटलं आता ही इथेच राहील. सडक अर्जुनीजवळ मत्स्यबीजाच्या केंद्रात जागा होती, त्याने चौकशीही करून ठेवली.

एक दिवस जेवताना ती म्हणाली, "मले पुन्हा बोलावलं. मी जाऊन राहिली."

"काऊन?" सुमित्राबाईने ताट खाली ठेवलं. "जगात दुसरे लोक नाहीत का पाहाले?"

"आहेत. पन ते जहाज मी पाहिलं, माय. दुसऱ्याले कदाचित दिसलंही नसतं."

सुमित्राबाई भांडली, रडली, दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी पिशवीत चटणी आणि मुरमुऱ्याचे लाडू भरताना ती स्वतःशीच पुटपुटत होती. ते सगळ्यांना ऐकू यावं, असंच तिला वाटत होतं.

उदारामने पोरीला मोटारसायकलवर सडक अर्जुनीपर्यंत सोडलं. महामार्गावर रायपूरकडून ट्रकांची रांग येत होती, ढाब्यावर भजी तळत होती. नागपूरची बस यायला वेळ होता. दोघं चहा घेत उभे राहिले.

"यावेळी जहाज कोनतं?" उदारामने विचारलं.

"माहीत नाही, बाबूजी. बंदरावर गेल्यावर कळते."

उदारामने मान हलवली. बस आली. पोरीने बॅग वर टाकली, खिडकीची जागा धरली आणि काच सरकवायचा प्रयत्न केला. काच अडकली होती. उदारामने बाहेरून जोर लावला, तेव्हा ती उघडली.